क्रमांक एकोणसाठ, पाच नऊ

"यांना काय द्यायचं?"

काउंटरमागच्या मालकीणबाईंनी विचारलं. माझ्याबद्दल विचारलं, पण माझ्या लेकीला. मी तिच्या शेजारीच उभी होते, दोन पायांवर, चष्मा लावून, केस नीट विंचरून. माझ्याकडे बघून त्या नुसत्या गोड हसल्या, पाळण्यातल्या बाळाकडे बघून हसतात तशा. मी एकसष्ट वर्षांची आहे.

"छोटा वाडगा," लेक म्हणाली. "एकदम साधा, तिखट अजिबात नको. आणि नूडल्स कापून द्याल का? बारीक?"

"कापून?"

"हो, कात्रीने वगैरे. तिचं ऑपरेशन झालंय."

हे शेवटचं वाक्य तिने आवाज खाली आणून म्हटलं. आवाज गेलेल्या माणसासमोर आवाज खाली आणायची ही पद्धत मी गेले आठ महिने बघते आहे.

माझं वाक्य तयार होतं. चार दिवस बाथरूमचा नळ सोडून मी ते घोकत होते: एक मोठा वाडगा, साधा, नूडल्स लांब. पण बोलायचं तर मला गळ्याच्या भोकावर बोट दाबावं लागतं, आणि निघताना लेकीने त्या भोकावर पातळ स्कार्फ टाकून मानेमागे दुहेरी गाठ मारली होती. मी गाठीशी झटापट करेपर्यंत टोकन हातात आलं आणि मागचा माणूस पुढे सरकला. आमचा नंबर एकोणसाठ.

लेकीने दारापासून सगळ्यात लांबचं टेबल निवडलं. का, ते मला माहीत होतं. दुकानाचं दार उघडलं की समोरच्या बसस्थानकावरची घोषणा आत येते, आणि तो आवाज माझा आहे.

सत्तावीस वर्षं मी तिथे गाड्यांची घोषणा केली. स्टँडवर मला नावाने कुणी ओळखत नसे. ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, सगळे 'लक्षद्याबाई' म्हणत, कारण दिवसातून तीनशे वेळा मी 'कृपया लक्ष द्या' म्हणायचे. मी तशी कुणाच्या अध्यातमध्यात नव्हते, पण आकड्यांच्या बाबतीत खडूस होते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे दोन आकडे इंजिनांच्या घरघरीत अगदी सारखे ऐकू येतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक म्हातारं जोडपं माझ्या घोषणेवर विसंबून भलत्याच गाडीत बसलं आणि नातवाला बघायला निघालेलं ते बरोबर उलट्या दिशेला जाऊन उतरलं. तेव्हापासून मी आकडा आधी अख्खा सांगायचे आणि मग सुटा. एकोणसाठ. पाच, नऊ. साहेब हसले होते. "बाई, प्रवासी काय बालवाडीत आहेत?" मी म्हटलं, "प्रवासी नाहीत साहेब, तुमचा लाउडस्पीकर आहे."

निवृत्तीच्या आधी त्यांनी यंत्र बसवलं आणि त्यासाठी सगळे आकडे, सगळी गावं माझ्याच आवाजात भरून घेतली. मग गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. थोडक्यात काय, माझा आवाज अजून नोकरीत आहे आणि मी घरी बसले आहे.

नवा आवाज तीन आठवड्यांपूर्वी मिळाला. गळ्यात एक बारीक झडप बसवली आहे, बोट दाबलं की बोलता येतं. आवाज जाड आहे, खरखरीत आहे. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा जावई दारात कोण पुरुष आलाय ते बघायला उठला होता. त्यात 'ह' येत नाही. 'हो' म्हणायला गेलं की 'ओ' निघतो, त्यामुळे लेकीला वाटतं मी तिच्या हाकेला ओ देते आहे. 'नको' मात्र खणखणीत निघतं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना नवल वाटलं, हा शब्द एवढा कसा पहिल्याच दिवशी जमला? लेक म्हणाली, "तो तिला पहिल्यापासूनच जमतो."

हे सगळं घरात. घराबाहेर मी अजून एक शब्द बोलले नव्हते. घराबाहेर माझ्याकडे लिहून दाखवायची पाटी असते. लेकीला पाटी आवडते, कारण पाटी बघून कुणी दचकत नाही.

आणि हेच दुकान का, तर दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खाटेवरून ते दिसायचं. नाकातल्या नळीतून पांढरं पाणी पोटात जात असायचं आणि काचेपलीकडे माणसं वाडग्यांवर वाकून, वाफेत तोंड घालून खात असायची. पाच महिने मी त्यांची डोकी मोजली. तिथेच ठरवलं, एक दिवस इथे जायचं, आपल्या तोंडाने मागवायचं आणि चारचौघांत बसून खायचं. आज ते जमलं नाही तर उरलेलं आयुष्य पाटीच मला चालवणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि पहिल्या फेरीत मी हरले होते, एका स्कार्फच्या गाठीपायी.

मालकीणबाई माईकवर नंबर पुकारत होत्या. पुकारत कसल्या, माईक जवळजवळ गिळतच होत्या. मधली अक्षरं त्यांच्याच पोटात जात होती.

"कोण्ण...ठ!"

कोपऱ्यातला एक रंगारी उठला. कपड्यांवर, भुवयांवर पांढरे ठिपके. त्याने जाऊन ट्रे उचलला आणि जागेवर गेला. थोड्या वेळाने पुन्हा "कोण्ण...त्तर!" झालं. लेक म्हणाली, "आपलाच वाटतं," आणि ट्रे घेऊन आली.

वाडगा बादलीएवढा. वर लाल तेलाचा तवंग. आत लांबच लांब नूडल्स.

"अगं बाई! हे काय दिलंय?" लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने वाडगा माझ्यापासून दूर सारला, जणू तो आपण होऊन माझ्या तोंडात शिरणार होता.

तेवढ्यात रंगारी आपला ट्रे घेऊन काउंटरपाशी उभा राहिला होता. "ओ बाई, माझ्या सूपमध्ये कात्री कुणी चालवली? ही काय पेज आहे का?"

"तुमचा नंबर किती?"

"एकोणसत्तर."

"मग एकोणसाठवाल्यांचं कशाला उचललंत? मी एकोणसाठच म्हणाले!"

"मला एकोणसत्तर ऐकू आलं."

"तुमचे कान!"

लेक तिकडे धावली, आमचा वाडगा कुणाकडे गेला ते सांगायला. अठ्ठावन्नवाला म्हणाला, माझा तर अजून आलाच नाही. एका बाईंनी दुसऱ्याच कुणाचं अर्धं संपवलं होतं. सगळे एकदम बोलायला लागले. माईक चालूच राहिला होता आणि त्यातून सगळ्यांचं भांडण दुप्पट होऊन बाहेर पडत होतं.

मला राग आला. कापलेल्या नूडल्सचा होता, स्कार्फचा होता, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त त्या माईकचा होता. इतका धडधाकट गळा असलेल्या बाईने आकडा असा वाया घालवावा? मी गाठ सोडायच्या भानगडीत पडले नाही. स्कार्फ डोक्यावरून ओढून काढला, टेबलावर टाकला आणि उठले.

काउंटरपाशी पोचले तेव्हा मालकीणबाईंची नजर माझ्या गळ्यावर गेली आणि तिथेच अडकली. मी बोट दाबलं.

"आकडा सुटा सांगा."

त्या दचकल्या. लेकीकडे वळल्या. "काय म्हणतायत या?"

"आई, तू बस, मी सांगते त्यांना..."

"मला विचारा," मी म्हणाले. "मी बोलतेय ना."

तीन आठवड्यांत मी इतकं सलग कुणाशी बोलले नव्हते. मालकीणबाईंच्या हातातला माईक खाली आला होता. सवयीने माझा हात पुढे गेला आणि का कोण जाणे, त्यांनी तो दिला. मी तो तोंडापासून वीतभर लांब धरला, जसा धरायला हवा तसा. दुसऱ्या हाताचं बोट गळ्यावर.

"कृपया लक्ष द्या."

भांडण जागच्या जागी थांबलं. भिंतीवरच्या स्पीकरमधून आलेला तो घोगरा आवाज मलाही परका वाटला. पण शब्दांमधलं अंतर माझं होतं. ते कुणी कापून नेलं नव्हतं.

"क्रमांक एकोणसत्तर. सहा, नऊ." 'सहा'चा 'सआ' झाला. झाला तर झाला. "आपला वाडगा आतल्या टेबलावर. घेऊन जावा." मी श्वास घ्यायला बोट काढलं, पुन्हा दाबलं. "क्रमांक एकोणसाठ. पाच, नऊ. एक मोठा वाडगा. साधा. नूडल्स लांब. कापू नयेत."

एका मुलीने आईला मोठ्याने विचारलं, हे काका कुठून बोलतायत? आईने तिचं तोंड दाबलं. काउंटरजवळच्या जोडप्याने आपले वाडगे उचलले आणि ते लांब जाऊन बसलं. जाऊ देत. माझ्या सत्तावीस वर्षांत ऐकून न ऐकल्यासारखं करणारे मी हजारोंनी पाहिलेत.

रंगारी आमच्या टेबलावरून त्याचा वाडगा उचलता उचलता म्हणाला, "हे कसं नीट कळलं."

माझा वाडगा मालकीणबाई स्वतः घेऊन आल्या. या वेळी लेकीकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुम्हाला काड्या देऊ की चमचा?"

"दोन्ही."

वाडग्यातून वाफा निघत होत्या. आता एक अडचण होती, आणि ती मी नळाखाली घोकलेल्या वाक्यात नव्हती. मला फुंकर मारता येत नाही. माझा श्वास गळ्यातून येतो आणि गळ्यातूनच जातो, तोंडापर्यंत पोचतच नाही. सुर्रकन ओढताही येत नाही. आजूबाजूला सगळे ओढत होते, फुंकत होते, आणि मी गरम वाडग्यासमोर हात बांधून बसले होते.

लेकीला ते कळलं. ती वाकली, वाडगा स्वतःकडे घेतला, गाल फुगवले.

"नको."

"अगं, नुसती फुंकर मारते. लहानपणी तू मारायचीस की माझ्या ताटात."

"तेव्हा तू दीड वर्षांची होतीस. नको."

मी टेबलावरचं मेनूचं कार्ड उचललं आणि वारा घालत बसले. दारापाशी टेबलासाठी रांग लागली होती. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"लोक थांबलेत गं."

"थांबू देत. मी पाच महिने थांबले."

टेबलावर पडलेल्या स्कार्फची घडी घालत ती म्हणाली, "लोक तुझ्याकडे असं बघतात ना, मला सहन होत नाही. तुला वाटतं मला तुझी लाज वाटते. लाज नाही वाटत. त्यांचे डोळे फोडावेसे वाटतात."

हे मला ठाऊक नव्हतं. आठ महिने ही पोरगी माझ्यापुढे ढाल होऊन उभी होती आणि मी समजत होते, ती मला झाकते आहे.

"मग त्यांच्याकडे नको बघू," मी म्हणाले. "माझ्याकडे बघ. मी खाते."

आणि खाल्लं. काड्यांनी उचलायचं, तोंडात घालायचं, दाताने तोडायचं, उरलेलं परत सुपात. हनुवटीवरून ओघळ आले. लेकीचा हात रुमालाकडे गेला आणि रुमालावरच राहिला. चव निम्मीच लागली. वास तर लागलाच नाही, खोटं कशाला सांगू? दवाखान्याच्या खिडकीतून ते सूप कितीतरी छान होतं. पण मी ते शेवटच्या नूडलपर्यंत संपवलं, मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून तळचंही प्यायले. रांगेतले पहिले चौघे आमच्याकडे बघत उभे होते. मी तोंड पुसलं, माझं मी.

काउंटरवरून घोषणा झाली, "त्र्याहत्तर." मग जरा थांबून, चाचपडत, "सात, तीन."

बाहेर पडताना लेकीने घडी घातलेला स्कार्फ माझ्यापुढे धरला. क्षणभर तसाच धरला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. मग सवयीप्रमाणे ती डावीकडे वळली, मागच्या गल्लीकडे. ऑपरेशन झाल्यापासून आम्ही घरी त्या गल्लीतूनच जातो, स्टँड टाळून. मी उजवीकडे वळले.

"आई, तिकडून?"

"ओ," मी म्हणाले.

रस्ता ओलांडला. गाड्यांचा धूर, माणसांची लगबग, सगळं पूर्वीसारखं. आम्ही फलाटांसमोरून चाललो होतो तेवढ्यात वरच्या लाउडस्पीकरमधून ती बाई बोलली. स्वच्छ, गोल, 'ह' जिथल्या तिथे असलेली.

"कृपया लक्ष द्या."

लेक थबकली. तिने माझा दंड घट्ट धरला. आठ महिन्यांत तिने तो आवाज ऐकला नव्हता.

मी मान वर केली, गळ्यावर बोट ठेवलं आणि त्या बाईला ओ दिली.