बदकाचा शिक्का

माझ्या सासूबाईंच्या मते जगात दोन प्रकारची मुलं असतात. एक मीटर वीसच्या खालची आणि वरची. खालची सगळीकडे फुकट जातात, वरच्यांचं तिकीट काढावं लागतं. मूल हुशार आहे की मठ्ठ, गोरं आहे की सावळं, हे त्या नंतर बघतात.

आमची शियाओमान मार्चमध्ये सात वर्षांची झाली आणि त्याच सुमारास त्या रेषेला जाऊन टेकली. तेव्हापासून सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा करणं बंद केलं. मोजलं नाही तर पोर वाढायची थांबेल, असं त्यांना वाटत असावं. पोर काही थांबली नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चोंगछिंग बघायला जायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा ग्वांगलिन, सासूबाई, शियाओमान आणि तीन वर्षांचा दौदौ. ठरवलं ग्वांगलिनने, पण त्यामागे शियाओमान होती. चोंगछिंगमध्ये नदीकाठच्या डोंगरावर एक बाग आहे, तिथे कड्याच्या टोकाला मोठा झोका बांधलाय. झोका पुढे गेला की पायाखाली नुसती नदी. तिच्या मामेभावाने त्यावर बसून किंचाळतानाचा व्हिडिओ पाठवला आणि आमच्या घरातली शांतता संपली. झोक्यावर बसायला उंची एक मीटर वीसच्या वर लागते. नववर्षाच्या जेवणात ग्वांगलिन दोन पेले पिऊन बोलून गेला होता की तेवढी झालीस की नेतो. ती ते विसरली नाही.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच गावात, पोरीने आजीसाठी बुटकी असायचं होतं आणि झोक्यासाठी उंच. हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, कबूल करते.

निघायच्या आधी आठवडाभर सासूबाईंनी अंगणात तालीम घेतली. शियाओमानला लांब घोळदार झगा, पातळ तळाचे कापडी जोडे, एरवी वर बांधलेले केस सोडलेले. खांद्यावर आजीच्या दोन थापा पडल्या की झग्याच्या आत गुडघे वाकवायचे, मान आत घ्यायची, श्वास सोडायचा आणि चेहरा नेहमीसारखा ठेवायचा. चेहरा सगळ्यात महत्त्वाचा. मी म्हटलं, आई, पोरीला असलं काही शिकवू नका. त्या म्हणाल्या की ग्वांगलिनला त्यांनी अकरा वर्षांचा होईपर्यंत बसमधून फुकट फिरवला, त्याचं काय वाईट झालं?

मी ग्वांगलिनकडे बघितलं. तो चुलीपाशी मान आत घेऊन उभा होता. तो तसाच उभा राहतो. कुठलंही फाटक, कुठलीही खिडकी, कुठलाही शिपाई दिसला की त्याचे खांदे आपोआप खाली येतात. लग्न ठरत होतं तेव्हा मला वाटलं होतं, माणूस नम्र आहे.

चोंगछिंगमध्ये सकाळी पहिल्यांदा आम्ही तो मोठा पाळणा बघितला, जो तारेवरून नदी ओलांडतो. फाटकावर दोन थापा, शियाओमान खाली, आत. मग जिथे आगगाडी इमारतीच्या पोटात शिरते तिथे गेलो. तिथे खाली रस्त्यावर उभं राहून आ करायचा आणि गाडी आपल्या तोंडात शिरतेय असा फोटो काढायचा, अशी पद्धत आहे. सासूबाईंनी आ केला. ग्वांगलिनला ती वेळ काही साधेना. सात गाड्या गेल्या. सातव्या गाडीपर्यंत सासूबाईंच्या जबड्याला कळ लागली आणि फोटोत गाडी त्यांच्या कानात शिरलेली आली. त्यानंतर डोंगरउतारावरच्या त्या गावात लिफ्टने अकरा मजले उतरूनही आम्ही पुन्हा रस्त्यावरच निघालो, तेव्हा तो राग त्यांनी लिफ्टवर काढला.

दुपारपर्यंत चार फाटकं झाली. चारही ठिकाणी पोर खाली आणि आत. झणझणीत शेवया खाताना शियाओमान हळूच म्हणाली की तिचे गुडघे दुखतायत. आजीने तिच्या वाडग्यात स्वतःचं अंडं टाकलं.

मग बाग आली. फाटकावर पिवळी टोपी घातलेली एक मुलगी मोजपट्टीच्या खांबाशी उभी होती. दोन थापा. मुलीने बघितलं, एक मीटर अठरा म्हणाली, आणि शियाओमानच्या मनगटावर हिरव्या बदकाचा शिक्का मारला. दौदौच्याही मारला. दौदौला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो मनगट दाखवत सुटला. सासूबाई खूश होऊन सगळ्यांना बर्फातली जेली खाऊ घालत्या झाल्या.

झोक्यापर्यंत दोनशे पायऱ्या होत्या आणि वर पाऊण तासाची रांग. शियाओमान रांगेत चवड्यांवर उड्या मारत होती. आमचा नंबर आला. झोक्यावरच्या पोऱ्याने तिचं मनगट बघितलं आणि हात आडवा केला. बदक म्हणजे एक मीटर वीसच्या खालचं मूल, त्यांच्यासाठी तिकडे चाकाच्या गाड्या आहेत.

मी म्हटलं, अरे, मोजून तरी बघ. तो म्हणाला, फाटकावर मोजलंय, इथे परत मोजत नाहीत. इथे बदक बघतात.

सासूबाई पुढे झाल्या. मुलं वाढतात, म्हणाल्या.

"तासाभरात?"

"आमच्याकडे वाढतात."

मागची रांग हसली. शियाओमानने मनगट चाटलं, झग्याला घासलं. झगा हिरवा झाला, बदक तसंच राहिलं. दौदौने आपलं बदक पोऱ्यापुढे धरलं आणि माझ्याकडे पण आहे, असं सांगितलं. पोऱ्याने पुढच्या माणसाला आत घेतलं.

मला वाटलं, आता ही भोकाड पसरणार. तिने पसरलं नाही. आजीकडे बघून तिने फक्त विचारलं.

"आजी, मग मी मोठी कुठे व्हायचं?"

मला खूप वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. लग्नापासूनची अकरा वर्षं साठवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, सुरुवात कुठून करायची तेवढंच ठरत नव्हतं. पण बोलायला गेले तर समोर सासूबाई नव्हत्याच. शियाओमानचा हात धरून त्या दोनशे पायऱ्या उतरायला लागल्या होत्या. गुडघे त्यांचेही दुखतात. एका हाताने कठडा धरत, एकेक पायरी. आम्ही मागे.

फाटकावर आता मोठी गर्दी होती. सासूबाईंच्या आवाजाला हळू ही गोष्ट ठाऊकच नाही. रांग मोडून त्या पिवळ्या टोपीसमोर उभ्या राहिल्या.

"मघाशी ही गुडघे वाकवून उभी होती. मी शिकवलं होतं. आता नीट मोज, मला हिचं तिकीट काढायचंय."

रांगेतल्या तीन आज्या एकदम आभाळाकडे बघायला लागल्या आणि त्यांच्याजवळची तीन पोरं हळूहळू वर आली. आमच्या ग्वांगलिनने मात्र मान इतकी आत घेतली की शर्टाच्या कॉलरवर नुसते कानच दिसत होते.

शियाओमान खांबाला टेकून उभी राहिली. टोपीवालीने बघितलं. एक मीटर अठरा.

दिवसभराची सवय. चेहरासुद्धा अगदी नेहमीसारखा.

टोपीवाली म्हणाली, आजी, ही खालीच आहे, तिकीट लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, लागतं. ती म्हणाली, मी घेऊ शकत नाही. आयुष्यभर ज्या बाईने तिकीट चुकवण्यासाठी भांडणं केली, ती आता तिकीट मिळावं म्हणून तावातावाने भांडत होती. शेवटी सासूबाई पोरीसमोर वाकल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आज पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या.

"सरळ उभी राहा. पूर्ण. आजी काही म्हणणार नाही."

शियाओमानने आधी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, खरंच की काय म्हणून. मग झग्याच्या आत काहीतरी उलगडलं आणि पोर वर आली. एक मीटर साडेएकवीस. सासूबाईंनी तिकिटाचे पैसे मोजले आणि टोपीवालीने स्पिरिटचा बोळा घेऊन बदक पुसलं. ते बघून दौदौने आपलं मनगट पाठीमागे लपवलं.

झोक्यावर लहान मुलाबरोबर मोठं माणूस लागतं. उंचीला घाबरणारा ग्वांगलिन दौदौला घेऊन आधीच लांब जाऊन उभा राहिला होता, म्हणून मी बसले. मी काय किंचाळले ते नदीपलीकडेही गेलं असेल. शियाओमान अजिबात किंचाळली नाही. ती नुसती ताठ बसून राहिली.

संध्याकाळी परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर आलो. शियाओमान ताठ मानेने फाटकातून गेली, मागोमाग मी. ग्वांगलिनने तिकीट जोडलेलं ओळखपत्र पुढे केलं आणि त्याचे खांदे नेहमीसारखे खाली आले. मागून सासूबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"मान वर कर. तुझं तिकीट काढलंय."

अडतीस वर्षांचा माझा नवरा तिथेच, फाटकात, सरळ झाला. मी पलीकडे उभी होते. त्याचं तोंड बघायला मला मान वर करावी लागली.