मधल्या मापाचा स्केट

मी एक जुना स्केट आहे. उजव्या पायाचा. डावा माझा भाऊ. आमच्या नाड्या एकमेकींत बांधलेल्या असल्यामुळे कितीही भांडलो तरी आम्हाला लांब जाता येत नाही. आता चाकं कुरकुरतात, चामड्याला भेगा पडल्या आहेत. पण मित्रांनो, दोन घटका बसणार असाल, तर माझी हकीकत सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. यंत्रांनी मला कापलं, शिवलं, आणि शेवटी एका बाईने चाकं बसवून प्रत्येक चाक बोटाने फिरवून पाहिलं. चाक भिरभिरलं, तशी ती स्वतःशीच हसली. ती माझी पहिली शाबासकी. मग मी खेळाच्या सामानाच्या दुकानात आलो आणि काचेमागे बसून स्वप्नं रंगवू लागलो. कुणीतरी शर्यती जिंकणारा येईल, मला घेईल, माझं नाव होईल!

आला तो गळ्यात मोजपट्टी अडकवलेला एक शिंपी.

"कुणासाठी हवेत?" दुकानदाराने विचारलं.

"घरी दोघं आहेत. एकच जोडी द्या, आळीपाळीने घालतील. मोठीचा पाय एवढा, धाकट्याचा एवढा. यांच्या मधलं माप द्या."

"अहो, हा काय सदरा आहे? एकाला आवळेल, एकाला ढगळ होईल!"

"चालतं हो. पोरं सांभाळून घेतात."

शिंप्याला सवयच तशी होती. गिऱ्हाइकाचा कपडा तो अगदी बेतून शिवायचा, पण घरच्या दोघांसाठी एकच मधलं माप काढायचा. मोठीला बाही जरा अपुरी, धाकट्याला जरा लांब. दोघांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून त्याला वाटायचं, छान चाललंय. माणूस मायाळू होता, पण हातातल्या कामातून मान वर करायला त्याला फुरसत नव्हती.

घरची ओढाताण मला हळूहळू कळली. आई दवाखान्यात संध्याकाळची पाळी करायची. बाबांना त्याच वेळी दुकान सोडता येत नसे. म्हणून दोघांत मिळून एकच क्लास ठरला, आणि तोही चालत जाता येईल असा. पोहायचा तलाव लांब, चित्रकलेच्या बाई त्याहून लांब. स्केटिंगचं मैदान मात्र गल्लीच्या टोकाला होतं. आईने बजावलं होतं, "दोघं हात धरून जाणार असाल तरच. एकट्याला मी सोडणार नाही."

धाकट्याला घरात सगळे भुंगा म्हणत, कारण तो कधी एका जागी बसत नसे. क्लासचा पहिला अर्धा तास ताईचा, दुसरा भुंग्याचा. भुंगा माझ्यात पाय घालायच्या आधी बाबांच्या दुकानातल्या चिंध्या कोंबायचा. मग काय विचारता! तो सुटला की मलाही भान राहत नसे. सरांची शिट्टी, वारा, आणि माझ्या आत ते इवलंसं पाऊल. काचेमागे रंगवलेली स्वप्नं मी कधीच विसरून गेलो.

ताईची गोष्ट वेगळी होती. तिची बोटं माझ्यात दुमडून बसायची. ती गृहपाठ उरकावा तशी फेऱ्या मारायची आणि दर फेरीला मैदानाच्या कडेला असलेल्या बाकाकडे बघायची. एकदा तिने मला काढलं, तेव्हा मोज्याच्या टोकाला रक्त लागलेलं होतं. भुंग्याने ते पाहिलं.

"ताई, आईला सांगू या."

"गप बस. सांगितलं की माझा क्लास बंद होईल. मग तुला कोण आणणार?"

"पण दुखतंय ना?"

"थोडंसंच. तू आधी वळताना पडायचं बंद कर बघू."

भुंगा रडवेला झाला. मलाही वाईट वाटलं. मित्रांनो, आपल्यामुळे कुणाला दुखावं आणि आपल्याला तोंड नसावं, यासारखी शिक्षा नाही.

पुढे सरांनी भुंग्याची निवड मोठ्या मुलांच्या तुकडीत केली. आता क्लास रोजचा होणार होता. म्हणजे ताईची बोटंही रोजच चिमटणार. आईच्या सुट्टीच्या दिवशी घरात बोलणं निघालं.

"रोज जमेल ना गं तुला? आवडतंय ना?" आईने विचारलं.

"आवडतं की," ताई म्हणाली. तिने वरही पाहिलं नाही.

माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात चाकांना तेल घालायला बाबांनी मला मांडीवर घेतलं. तेल घातलं, कडा पुसल्या आणि सहज आत हात घातला. एवढा मोठा हात माझ्यात कधी आलाच नव्हता. आधी त्यांच्या हाताला चिंध्या लागल्या. त्या त्यांनी बाहेर काढल्या, ओळखल्या. मग बोटं पुढे सरकली आणि टोकाशी थांबली. तिथलं अस्तर घासून पार फाटलं होतं.

"ताई, इकडे ये. पाय दाखव."

ती पाय मागे घेऊ लागली. त्यांनी तो हलकेच मांडीवर ओढला, मोजा काढला. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. बाबा बराच वेळ तो अंगठा धरून बसले.

"बोलली का नाहीस गं?"

"भुंग्याचं बंद झालं असतं."

"मी मधलं माप काढलं," बाबा आईला म्हणाले. "वाटलं, दोघांना पुरेल. एकालाही नाही पुरलं."

आईने ताईला जवळ घेतलं. "भुंग्याचं बंद नाही व्हायचं. पण तुला काय शिकायचंय? गाणं? चित्रकला? काहीतरी जमवू आपण."

"काहीच नाही."

"म्हणजे?"

"भुंगा खेळेल तेवढा वेळ मी बाकावर बसेन. सर असतातच त्याच्याजवळ. मला काही शिकायचं नाही, कुणाला सांभाळायचं नाही. नुसतं बसायचंय." आणि ती घाबरून म्हणाली, "चालेल का?"

आईचे डोळे भरून आले. पण ती हसून म्हणाली, "मग तोच तुझा क्लास. रोज जायचं. आणि खबरदार दांडी मारलीस तर!"

तेव्हापासून सगळा तास भुंग्याचा झाला. त्याचा पाय वाढत गेला, चिंध्या एकेक करून कमी झाल्या, आणि एक दिवस तो मला अगदी बरोबर बसला. त्या दिवसाइतका मी कधीच खूश झालो नाही. पुढे त्यालाही मी लहान पडलो, आणि आता मी भिंतीवरच्या खिळ्याला नुसता लटकलेला असतो. त्याचं मला दुःख नाही.

ताई बाकावर बसायची. मुंग्या बघायची, पाय हलवायची, कधी चक्क डुलक्या काढायची. एकदा सुट्टीच्या दिवशी आई तिच्या मागोमाग आली, चपला काढून तिच्या शेजारी बसली आणि तीही पाय हलवू लागली. फेरी मारता मारता मी बघत होतो. दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत.

मित्रांनो, चाकांना तेल घाला, चामडं कोरडं ठेवा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं हे, की कुठे आवळत असेल तर सोसत बसू नका, घरी सांगा. घरची माणसं दुष्ट नसतात हो. दमलेली असतात, आणि त्यांना वाटत असतं की तुम्हाला सगळं छान बसतंय.