पोस्ट म्हणजे खांब

"सर, त्यांना खरंच माहीत नव्हतं हो," शिलाईताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनच म्हणाली. धाप लागली होती, तरी चेहरा मैदान मारून आल्यासारखा. "तिघं बसले होते समोर. तिघांपैकी एकालाही नाही."

मास्तरने खडू खाली ठेवला. खाली लाँड्री आणि वर क्लास, त्यामुळे त्या खोलीला कायम इस्त्रीच्या वाफेचा वास आणि शिकणाऱ्यांना कायम घाम. मास्तर दिवसभर औषधांच्या दुकानात गोळ्या काढून द्यायचा आणि संध्याकाळी सात जणांना इंग्रजी बोलायला शिकवायचा. फी नावापुरती. खरी फी तो हशांमध्ये वसूल करायचा.

"काय माहीत नव्हतं?"

"पोस्टचं. खांबाचं."

मागच्या बाकावरचा टॅक्सीवाला लगेच सरसावून बसला. ती गोष्ट त्याच्यामुळेच तर जन्माला आली होती. दोन वर्षांपूर्वी एकदा त्याने कपाळाला हात लावला होता, "अहो मास्तर, पोस्ट म्हणजे टपाल, पोस्ट म्हणजे नोकरी, पोस्ट म्हणजे खांब. शिपाई पहाऱ्याला उभा राहतो ती पोस्ट, मोबाईलवर टाकतात ती पोस्ट, आणि माणूस मेला की पोस्टमॉर्टेम. एका शब्दाला किती राबवायचं माणसानं?"

मास्तरने तिथल्या तिथे एक राजा उभा केला. राजाने दर दहा मैलांवर एक खांब रोवला, ती पोस्ट. खांबाला घोडा बांधला, घोड्यावरून पत्रं धावली, ते टपाल. घोडा सांभाळायला माणूस नेमला, ती त्याची नोकरी. चोर आले म्हणून शिपाई ठेवला, तो पहारा. राजाचे हुकूम त्याच खांबावर चिकटवले, ती मोबाईलवाली. आणि खांब ओलांडून गेलं की जे लागतं ते सगळं 'नंतरचं'. "म्हणजे पोस्टमॉर्टेम हा शेवटचा खांब," मास्तर म्हणाला होता, डोळ्याची पापणीही न लववता. खोली हसून हसून लोळली होती. एकटी शिलाईताई हसली नव्हती. ती वहीत उतरवून घेत होती.

शब्द लक्षात राहत नाही अशी कुणी कुरकुर केली, की मास्तर अशीच त्याची जन्मकथा सांगायचा. दहातल्या नऊ स्वतःच्या टाकसाळीतल्या. शब्द मात्र पक्के बसायचे, हेही तितकंच खरं. सगळ्यांना ठाऊक होतं की मास्तर फेकतो. निदान मास्तरची तशी समजूत होती.

"नीट सांगा ताई," तो म्हणाला. "मुलाखत कशी झाली?"

मुलाखत शाळेच्या ग्रंथालयातल्या मदतनिसाच्या जागेसाठी होती. लेखी परीक्षेत ताई पहिली आली होती. पंधरा वर्षं लोकांच्या पॅन्टींची उंची कमी करून आणि चेनी बदलून झाल्यावर तिने धाडस करून अर्ज भरला होता. वयाची अट चाळीस. तिला चाळिशी गाठायला दोन महिने उरले होते.

"मोठ्या बाई म्हणाल्या, या पोस्टसाठी अर्ज का केलात? मी म्हटलं, आधी पोस्ट म्हणजे काय ते सांगते."

"शाबास," टॅक्सीवाल्याने मांडीवर थाप मारली.

"सगळं सांगितलं. राजा, घोडा, हुकूम. एक चष्मेवाले होते, ते मोबाईल बघायला लागले. म्हणाले, मॅडम, हे शब्द वेगवेगळ्या मुळांचे आहेत, हे खांबाचं कुठून आणलंत? मी म्हटलं, तुमच्या मोबाईलमध्ये चूक असेल. तर म्हणाले, ग्रंथालयात वाचलेलं सांगायचं असतं, ऐकलेलं नाही." ताईने पदराने मान पुसली. "मी पण सोडलं नाही. म्हटलं, आमच्या सरांनी वाचलेलं आहे."

मास्तर हसला. ओठांना सवय होती म्हणून हसला.

"मग?"

"मग काय. दुपारी यादी लावली. माझं नाव नाही. तेवीस वर्षांच्या एका पोरीला घेतलं." ती हे असं म्हणाली जणू ते तात्पुरतं आहे. "पण मोठ्या बाई बाहेर भेटल्या, भल्या आहेत. म्हणाल्या, काही तक्रार असेल तर सोमवारपर्यंत लेखी द्या. तर सर, तुम्ही यायचं माझ्याबरोबर. ते पुस्तक घेऊन. ज्यात खांबाचं आहे ते."

टॅक्सीवाला हसायचा थांबला. त्याने मास्तरकडे पाहिलं आणि मग आपल्या चपलांकडे. त्याला सगळं कळलं होतं. पुढच्या बाकावरच्या पार्लरवालीलाही कळलं होतं, ती उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण सात जणांसमोर, भर वर्गात, ज्या तोंडाने दोन वर्षं टाळ्या घेतल्या त्या तोंडाने?

"बघतो," मास्तर म्हणाला. "शोधावं लागेल."

घरी जेवताना बायकोला सांगितलं. तिने वाढता वाढता ऐकून घेतलं.

"तुमच्या थापांना भुलून मी लग्न केलं," ती म्हणाली. "पण मी निदान नोकरी नव्हते मागत."

"अगं, मी मुद्दाम थोडंच केलं?"

"मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं. माफी तरी नीट मागता आली असती."

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मास्तर मोठ्या वाचनालयात गेला. कशाला, हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. त्याला वाटत होतं, काय सांगावं, नशीब एखाद वेळी थापेलाही साथ देतं. असेलही एखादा राजा. ग्रंथपालाने उशीएवढा जाड शब्दकोश टेबलावर आणून टाकला. मास्तर बोट फिरवत वाचत गेला. खांब एका जुन्या शब्दापासून आलेला. टपाल आणि नोकरी दुसऱ्याच शब्दापासून, ज्याचा अर्थ 'ठेवलेला': वाटेत ठराविक जागी ठेवलेली माणसं, ठेवलेले घोडे. आणि 'नंतर'वाला तिसऱ्याच घरचा. एकाच आडनावाची माणसं एका जिन्यात राहावीत आणि लोकांनी त्यांना भाऊ समजावं, तसं.

घोडे होते, हे वाचून त्याला क्षणभर आनंद झाला. मग स्वतःचीच लाज वाटली. पुढे हेही लक्षात आलं, की हे खरं काही कमी गमतीचं नव्हतं. ताईला हेच सांगितलं असतं तरी तिने तितक्याच टापटिपीने लिहून घेतलं असतं. उठून इथवर यायचा कंटाळा केला, एवढंच.

रविवारी दुपारी तो तिच्या घरी गेला. एक खोली आणि पुढे अरुंद ओटी. ओटीवर खिडकीशी मशीन, मशीनच्या बाजूला दुमडलेल्या पॅन्टींची चळत, प्रत्येकीवर चिठ्ठी टाचलेली. ताईच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून तिने मानेनेच या म्हटलं. सासूबाई भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या.

"तुम्हीच का ते सर?" सासूबाई म्हणाल्या. "खांबाची गोष्ट फार छान हो तुमची. मी शेजारणींना सांगितली. त्या घोड्याला पाणी कोण पाजायचं ते तेवढं राहिलंय तुमच्या गोष्टीत. मी म्हटलं, शिपायाची बायको पाजत असेल."

मास्तरला हसू आलं आणि त्याच हसण्यात त्याच्या तोंडून निघून गेलं.

"ताई, पुस्तक नाही."

तिने एकेक टाचणी ओठांतून काढून उशीला टोचली. घाई केली नाही.

"मिळालं नाही?"

"नव्हतंच. मी रचलं होतं. राजा, खांब, सगळं. ते चष्मेवाले बरोबर होते." मास्तरने वाचनालयातून लिहून आणलेला कागद पुढे केला. "खरं हे आहे. मी उद्या शाळेत येतो. मोठ्या बाईंना सांगतो, चूक माझी आहे, हिची नाही."

तिने कागद वाचला. तीन ओळीच होत्या, पण तिने वेळ लावला.

"काय सांगणार?" ती म्हणाली. "की ही बाई काहीही ऐकते आणि खरं मानते? ते त्यांनी ओळखलंच की."

"ताई, मला वाटलं होतं सगळ्यांना कळतं, मी गंमत करतो ते."

"सगळ्यांना कळत असेल." तिचा आवाज चढला नव्हता. "सर, मी पंधरा वर्षं या खिडकीत बसलेय. कोणी मला काही सांगितलं तर त्यात शर्टाची बाही किती आखूड करायची एवढंच असतं. तुम्ही राजा सांगितलात. मी लिहून घेणार नाही तर काय करणार?"

सासूबाईंनी शेंगांचं सूप उचललं आणि आत गेल्या.

ताई उठली. फळीवरून वही आणली, कापडाच्या तुकड्याचं कव्हर शिवलेली. पानांवर तारखा, डावीकडे शब्द, उजवीकडे जन्मकथा, खाली लाल रेघ.

"विंडो?" तिने विचारलं.

"ते खरं आहे. वाऱ्याचा डोळा. ते वाचलेलं आहे."

"पॅन्ट? इंग्रजीत पॅन्ट म्हणजे धापा टाकणं, ती घालून पळताना धाप लागते म्हणून?"

"खोटं."

"ते मी गिऱ्हाइकांना सांगते," ती म्हणाली. जरा थांबली. मग मशीनच्या खणातून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला आणि वहीसकट त्याच्या हातात दिला. "खोट्यावर फुली मारा. खऱ्याला हात लावू नका."

मास्तर स्टुलावर बसला. ताईने पॅन्ट मशीनवर घेतली. तो फुल्या मारत गेला. पहिल्या पानावर सात शब्द, सहा फुल्या. दुसऱ्या पानावर आठच्या आठ फुल्या. एकेक गोष्ट वाचताना ती सांगितल्याची संध्याकाळ त्याला आठवत होती, कोण कसं हसलं होतं ते, टॅक्सीवाल्याचा खोकला, पार्लरवालीने तोंडावर धरलेली ओढणी. त्या सगळ्यात ताईचा चेहरा मात्र कुठेच आठवत नव्हता. मान खालीच असायची तिची.

बाराव्या पानावर त्याचा हात थांबला. बटन. म्हणजे मूळ फुलाची कळी, कापडातून वर डोकं काढणारी. हे त्याने वाचलं होतं की रचलं होतं? त्याने डोळे मिटून पाहिले. आठवेना. आणखी खाली असेच दोन. पुढच्या पानावर तीन.

"ताई, काही काही मलाच आठवत नाहीयेत. खरे की खोटे."

मशीन थांबलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि ओटीवरचा उजेड कमी झाला होता. ताईने हात लांब करून मशीनचा छोटा दिवा लावला, त्याची वाकडी मान कापडावरून वळवली आणि उजेड वहीवर पाडला. मग सुईखाली अर्धवट राहिलेली पॅन्ट तशीच धरून, दोन्ही हात कापडावर ठेवून, ती त्याचं होईपर्यंत थांबून राहिली.