आवोच्या चंचीतला हिरवा

ऐक ना, ऐक! हातातलं ठेव बाजूला, आधी हे ऐक. आज दुपारी मला पुरलं. पुरलं म्हणजे खरंच पुरलं, साडेतीन हात खाली, मातीत. वरून मेणबत्त्या पण लावल्या. आणि मी मेलेलो नाहीये! माझी मुदत रविवारपर्यंत आहे, आत पहिल्याच पानावर छापलंय, बघ हवं तर. आता बघणार कसं म्हणा.

मी एक पासपोर्ट. हिरव्या पुठ्ठ्याचा, वर सोनेरी गरुड, इंडोनेशियाचा. माझी मालकीण जुविता. तिची आई लुरुक इकडची, अतांबुआजवळच्या या गावातली. बाप अमांदियो पलीकडचा, तिमोर-लेस्तेचा. तिघं राहतात तिकडे, दिलीत. एकच बेट, एकच भाषा, मधे एक नदी, नदीवर पूल. पुलाच्या या टोकाला एक सरकार आणि त्या टोकाला दुसरं. त्यामुळे पोरीला पासपोर्ट दोन. एक मी, आणि एक तो पलीकडचा.

माझा जन्म कचेरीतला. ती तेव्हा सोळाची. फोटो काढणारा म्हणाला, "हसू नकोस," तर हिला नेमकं हसूच फुटलं. तीनदा काढला. अजून नीट बघितलंस तर डाव्या ओठाच्या कोपऱ्यात ते दाबलेलं हसू दिसतं. मला फार आवडायचा तो फोटो.

आमचा प्रवास ठरलेला. दिलीहून सकाळची गाडी, दोन्ही पासपोर्ट आईच्या एकाच पिशवीत, पोटाला पोट लावून. तो दुसरा जरा शिष्ट. "मी कायमचा आहे, तू मुदतीचा," असं मला ऐकवायचा. खरंच होतं ते. आमच्याकडचा कायदा असा, की अशा दोन घरच्या पोरांनी एकविसाव्या वाढदिवसाच्या आत, जुना हिरवा समोर ठेवून, लिहून द्यायचं, कुठलं घर ठेवणार. लिहून नाही दिलं, तर माझी बाजू आपोआप गळून पडते. मी काय, मी जाणारच होतो. पण माझ्यामागे नवा हिरवा येणार की नाही, हे जुविताच्या हातात होतं. आणि तिचा वाढदिवस या रविवारी.

पुलाचं सांगतो. पुलावर आम्हा दोघांची बदली व्हायची. इकडून निघताना इकडच्या खिडकीत माझ्यावर शिक्का, मग चालत पूल, मधोमध आल्यावर आई मला पिशवीत टाकायची आणि त्याला बाहेर काढायची. येताना उलटं. ती दोन-चार मिनिटं आम्ही दोघंही कुणाचेच नसायचो. खाली नदीत म्हशी डुंबत असायच्या, त्यांना कोण विचारतंय शिक्का.

रांगा पण वेगळ्या. बाप परदेशी माणसांच्या लांबलचक रांगेत, फॉर्म भरत, दरवेळी पेन विसरलेला. आई आणि जुविता इकडच्या छोट्या रांगेत, पाच मिनिटांत मोकळ्या. मग खिडकीच्या पुढे उभ्या राहून बापाला हिणवायच्या. "काय हो परदेशी पाहुणे, अजून किती वेळ?" आणि पलीकडच्या टोकाला सगळं फिरायचं, तिथे बाप आणि जुविता पुढे, आई मागे. पोरगी दोन्हीकडे छोट्या रांगेत. "हिची मजा आहे," बाप म्हणायचा. आईला मात्र रांगेत पोरीचा हात लागायचा. सतरा-अठराची झाली तरी धरून उभी. आई कधी बोलली नाही, पण मी तिच्याच पिशवीत राहायचो ना, मला कळायचं.

एकदा घोळ झाला. आई पुढे निघून गेलेली, आणि जुविताने इकडून निघताना खिडकीत मला द्यायच्या ऐवजी त्या दुसऱ्याला दिला. साहेबांनी सगळी पानं उलटली, परत उलटली.

"आत कधी आलीस?"

"परवा."

"याच्यावर आल्याचा शिक्काच नाही. मग आलीस कुठून? आभाळातून पडलीस?"

मागची रांग हसली. पोरीला रडू कोसळलं. आई धावत मागे आली, मला पुढे केलं, माफी मागितली. साहेबांनी माझ्यावर शिक्का मारला आणि म्हणाले, "ज्या दारानं आत, त्याच दारानं बाहेर, बाळा. लक्षात ठेव." हे का सांगितलं ते पुढे कळेल तुला.

आता आवो. म्हणजे जुविताची आजी, आईची आई, आवो होआर. दात सगळे लाल, पान-सुपारीशिवाय एक तास जात नसे. हातमागावर स्वतः विणलेली चंची कमरेला. त्यात पान, सुपारी, चुन्याची नळी, आणि मी!

हो, मी. पहिल्यांदा आलो तेव्हाच आवोने हात पुढे केला. "तो तुझा हिरवा इकडे आण."

"कशाला गं आवो?"

"ठेवते. गेल्या वेळी चार दिवस म्हणालीस आणि दोन दिवसांत पळालीस. आता मी दिल्याशिवाय तू पूल ओलांडून दाखव."

"हे काय तारण आहे का?"

"तारणच. हा माझ्याकडे असला की तू माझी."

तेव्हापासून नियमच पडला. घरात पाऊल टाकलं की जुविता मला आवोच्या हातात द्यायची, आवो मला चंचीत सारायची. निघायच्या दिवशी आवो मुद्दाम विसरल्यासारखं करायची, शोधायची, "गेला वाटतं कुठेतरी, राहा अजून दोन दिवस," म्हणायची. मग सुस्कारा टाकून काढून द्यायची. माझ्या कडा चुन्याने पांढऱ्या झाल्यात, आणि चौदाव्या पानावर सुपारीचा लाल डाग आहे. एका साहेबांनी विचारलं, "हे रक्त कसलं?" जुविता म्हणाली, "आजी आहे ती." साहेबांची पण आजी असणार, शिक्का मारून दिला.

तर या सोमवारी निरोप आला, आवो उठत नाही. तिघं लगेच निघाली. पूल, बदली, रांग, सगळं नेहमीसारखं, फक्त कुणी कुणाला हिणवलं नाही.

आवो चटईवर, एवढीशी झालेली. जुविताने काही न विचारता मला तिच्या हातात ठेवलं. आवोने चाचपलं, ओळखलं, चंचीत घातलं. तीनदा चुकली. मग म्हणाली, "रविवारी ना तुझं ते?"

"हो आवो."

"कुठला ठेवणार?"

आई दारात उभी होती. बाप बाहेर पायरीवर. दोघांनीही श्वास धरलेला, तुला सांगतो, मला चंचीत ऐकू आलं. जुविता म्हणाली, "तू बरी हो, मग सांगते."

"चावट," आवो म्हणाली. "मला थांबवून ठेवायला बघतेस. माझीच युक्ती माझ्यावर."

बुधवारी पहाटे आवो गेली.

आता आमच्याकडची रीत ऐक. माणूस गेलं की त्याची रोजची वस्तू त्याच्यासोबत द्यायची. पूर्वजांकडे रिकाम्या हाती कसं जायचं? तिथे पोचल्यावर आधी पान पुढे करायचं, मग नाव सांगायचं. आवोची रोजची वस्तू म्हणजे चंची. धाकटी मावशी अबुक, रडून रडून डोळे सुजलेले, तिने ताजी पानं आणली, चंचीत कोंबली, आवोच्या दोन्ही हातांखाली ठेवली, वर जपमाळ गुंडाळली. आत काय आहे ते बघितलंच नाही तिने. कशाला बघेल? चंचीत पान असतं.

पण ताज्या पानांनी मी वर ढकललो गेलो. माझा एक कोपरा बाहेर आला. हिरवा, सोनेरी काठाचा. आणि जुविता समोर बसलेली.

तिने बघितलं मला. अगदी बघितलं. मी म्हटलं, सुटलो!

आज दुपारी अंगणात आजोबांच्या थडग्याशेजारी खड्डा तयार झाला. सगळं गाव जमलं. झाकण ठेवायच्या आधी घरातला मोठा तीनदा विचारतो, ही पण रीतच. मोठा म्हणजे आईचा भाऊ, टियू सेरान; टियू म्हणजे मामा. आवाज जाड, पण आज फाटलेला.

"आईजवळ कुणाचं काही राहिलंय का? असेल तर आत्ता घ्या. झाकण लागलं की मागायचं नाही. मागितलं तर ती अर्ध्या वाटेतून परत फिरेल."

त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"कुणाचं काही राहिलंय का?"

मी ओरडत होतो रे! आवाज नाही मला, पण ओरडत होतो. जुविता, मी! एक हात पुढे कर, बास! माझ्याशिवाय तू त्या खिडकीतून बाहेर कशी पडणार? ज्या दारानं आत त्याच दारानं बाहेर, विसरलीस? रविवार तीन दिवसांवर आलाय!

तिचं तोंड उघडलं. टियूने ते पाहिलं. "बोल गं पोरी. तुझं आहे का काही?"

तिने आवोच्या हातांकडे बघितलं. ते हात चंचीवर असे बसले होते, निघायच्या दिवशी बसायचे तसेच. अजून दोन दिवस राहा म्हणणारे. ती पुढे झाली. बोटाने माझा कोपरा हळूच आत सारला. पानांच्या आत, खोल. वरून चंचीचा पदर ओढला.

"नाही टियू," म्हणाली. "माझं काही नाही."

तिसऱ्यांदा विचारलं. ती खाली बघत राहिली. मग झाकण. मग खिळे. मग माती.

अंगणातच पुरतात आमच्याकडे, त्यामुळे मला अजून सगळं ऐकू येतंय. मघाशी प्रार्थना झाली, पाहुण्यांना भात-मांस वाढून झालं, आणि तिघं इथे माझ्या डोक्यावर मेणबत्त्या सरळ करत बसली. आईने सहज विचारलं, "जुविता, हिरवा घेतलास ना आवोकडून? उद्या कचेरीत जायचंय."

"आवोकडेच आहे."

"आवोकडे म्हणजे?"

पोरीने मातीवर हात ठेवला. आईला कळायला थोडा वेळ लागला. मग जे काय सुरू झालं!

"अगं वेडी का खुळी तू? मी तिथेच उभी होते, मला सांगायचं! भावाने तीनदा विचारलं!"

"माहितीय इना." आईला ती इनाच म्हणते.

"आता जाणार कशी? त्या दुसऱ्यावर शिक्का नाही. किती कागद, किती हेलपाटे, वर दंड! खिडकीत काय सांगशील? हरवला? चोरीला गेला?"

"खरं सांगेन. आजीसोबत दिला."

बाप म्हणाला, "लुरुक, हळू. लोक आहेत." त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, शप्पथ. पेन विसरणारा माणूस तो, त्याला रांग म्हणजे काय ते चांगलं माहितीय.

आईने कललेली मेणबत्ती सरळ केली. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे आता त्या रांगेत मी एकटी."

हे ऐकलं आणि मला इथे, पानांमध्ये, गुदमरल्यासारखं झालं. पोरगी रडायला लागली. मोठ्याने, त्या वेळी खिडकीत रडलेली तशी. मग हुंदक्यातच म्हणाली, "तिच्या हातातून काढून घेऊ कसं, इना? दरवेळी मी मागायचे आणि ती द्यायची. दरवेळी. एकदाही नाही म्हणाली नाही ती. एकदा तरी तिच्याकडे राहू दे."

"आणि तू? तू परकी झालीस की इथे."

"तारण तिच्याकडे आहे. येत राहावंच लागेल मला." नाक पुसलं. "लांबच्या रांगेतून येईन. पापाबरोबर. फॉर्म भरून."

"याच्याकडे पेन नसतं," आई म्हणाली.

आणि तिच्याजवळ सरकली, एवढं मला कळलं, कारण मातीवर वजन हललं.

आता सगळे आत गेलेत. वर दोन मेणबत्त्या जळतायत बहुतेक. माझी बावीस पानं कोरी आहेत अजून. त्यांवर आता कुठलाच शिक्का नाही. सुरुवातीला मी खूप चिडलो, खोटं नाही सांगत. पण आवोची बोटं माझ्यावर आहेत, घट्ट, आणि या पानांचा वास ओळखीचा आहे. आमची वाट पुढची आहे आता, तिथे म्हणे शिक्का विचारत नाहीत, पान विचारतात. कुणी विचारलंच तर आवो मला दाखवेल. म्हणेल, ही माझी नात, फोटोत हसू दाबतेय ती.

फक्त लुरुकचं ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. पुढच्या वेळी ती पुलाच्या या टोकाला येईल, छोट्या रांगेत उभी राहील, आणि सवयीने हात मागे करेल.

तू सांग ना. झाकण अजून लागलं नव्हतं, टियू तीनदा विचारत होता, माझा कोपरा समोर दिसत होता. तू काय केलं असतंस?