प्लायवुडच्या शहरातला निवाडा

त्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात इतिहासाच्या मुलांनी मैदानावर आठशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं शहर उभं केलं होतं. तटबंदी प्लायवुडची, वेशीवर भालेवाला पहारेकरी आणि मधोमध टोकदार कमानींचं कॅथीड्रल. त्याची भिंत इतकी उंच आणि पातळ झाली होती, की वाऱ्यानं पडू नये म्हणून दहाबारा मुलं आळीपाळीनं बाहेरून तिला पाठ लावून उभी राहत. खऱ्या कॅथीड्रलला तिथे दगडी टेकू असत म्हणे. इथे लाकूड संपलं होतं.

तिथेच शिकणारी नागपूरची उपासना हे सगळं दाखवायला, मुलाकडे राहायला आलेल्या गिरजाबाईंना घेऊन आली, पण त्यांचं लक्ष लागेना. मुलानं, अनुपनं, त्यांचं परतीचं तिकीट न विचारताच सहा महिने पुढे ढकललं होतं. नात लहान, डे-केअर महाग. छप्पन साली पांढऱ्या लुगड्यात गिरजाबाई दीक्षाभूमीवर उभ्या होत्या. तेव्हा सासूबाईंनी हात इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचली. त्यानंतर तिथला एकही दसरा त्यांनी चुकवला नव्हता. यंदाचा मात्र चुकणार होता.

"मावशी, गंमत ऐका," उपासना म्हणाली. "तेव्हा वेठबिगार पळून शहरात आला आणि वर्षभर नि वर एक दिवस टिकला, की सुटला. मालकाला त्याला नेता येत नसे."

"कुणालाही चालतं?"

"चालायचं."

"मग सांग यांना. मी आले म्हणावं."

उपासना हसली. गिरजाबाई हसल्या नाहीत. पुठ्ठ्याची सोनेरी साखळी घातलेला दाढीवाला नगराध्यक्षही हसला नाही. चार दिवस झाले, त्याच्याकडे एकही वेठबिगार आला नव्हता. त्यानं तुतारी फुंकायला लावली. गिरजाबाईंना एक पाव मिळाला आणि भिंतीला पाठ लावायचं काम.

उपासनानं घाबरून रस्त्यापलीकडच्या बूथवरून फोन केला, तसा अनुप बाबागाडी ढकलत धावत आला.

"आई, काय चाललंय यार हे? घरी चल!"

पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला. नगराध्यक्षानं विचारलं, "मालक तुम्हीच का?"

"मी मुलगा आहे!"

"ते नंतर. ही तुमच्याकडे काय काम करते?"

"काम कसलं? घरचंच. बेबीला बघते, स्वयंपाक, लॉन्ड्री..."

"सुट्टी?"

"घरात कसली सुट्टी?"

"जावंसं वाटलं तर जाता येतं?"

अनुप वाकून बाबागाडीचा पट्टा तपासू लागला. उपासना शेजारी उभी राहून गिरजाबाईंना सगळं मराठीत सांगत होती.

"वेठबिगारच आहे ही," गर्दीतली पाववाली म्हणाली. लोहारानं मान डोलावली.

"दोनच रस्ते आहेत," नगराध्यक्ष खुशीत म्हणाला. "वेठबिगार आहे असं शपथेवर सांगा, मग आम्ही हिला वर्षभर ठेवून घेतो. नाही म्हणालात, तर ही आत्ताच मोकळी."

वर्षभर! म्हणजे दसरा गेलाच की. हे गिरजाबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण भिंतीला लावलेली पाठ त्यांनी काढली नाही.

"सांग रे अनुप. शपथेवर सांग."

अनुपनं आईकडे पाहिलं. तिच्या पदरावर पावाचा चुरा सांडला होता.

"नाही," तो हळूच म्हणाला. "वेठबिगार नाहीये ती."

"मग मी नागपूरला चालले. दसऱ्याच्या आधी."

"आणि बेबीला कोण बघणार?"

लोहार, पाववाली, भिंतीला टेकलेली मुलं, सगळे अनुपकडे बघत राहिले. बाबागाडीतली नातसुद्धा.

"बघतो मी," अनुप म्हणाला. "लीव्ह घेतो."

तेव्हा मोबाइल नव्हते. निवाड्याची अंमलबजावणी डोळ्यांदेखत झाली पाहिजे, असं नगराध्यक्षाचं म्हणणं पडलं. म्हणून वरात रस्ता ओलांडून टेलिफोन बूथपाशी गेली. अनुपनं ट्रॅव्हल एजंटला नवी तारीख सांगताच तुतारी वाजली.

"काय हो, लग्न आहे का तिकडे?" एजंटनं विचारलं.

"नाही!" एका कानात बोट घालून अनुप ओरडला. "आई घरी चाललीय. विंडो सीट बघा!"