इथंच धरा

भट्टीचा भडका अंगावर आल्यापासून बेकरीवाल्या वहिनी भट्टीकडे पाठ करूनच मैदा मळत. जखमा भरल्या होत्या, पण भीतीनं ठाण मांडलं होतं. काठीच्या टोकावर नजर रोखून मनातली भीती काढणाऱ्या एका समुपदेशक बाईंबद्दल त्यांनी ऐकलं.

"काठीकडे बघून भीती जाते होय, वहिनी? मग आपल्याकडे लाटणी काय कमी आहेत?" नणंद हसली. तरी वहिनी उपचाराला गेल्याच.

"नजर जिथं अडखळेल, तिथं दुखणं सापडेल," म्हणत समुपदेशक बाईंनी काठी हळूहळू फिरवली. ती डावीकडे खाली जाताच वहिनींची नजर अडखळली, भट्टीचा भडका पुन्हा डोळ्यांपुढे आला.

"थांबू या का?" बाईंनी विचारलं.

"नाही. इथंच धरा."

वहिनी ढसाढसा रडल्या, पण त्यांनी नजर हलू दिली नाही. अखेर श्वास जागेवर आला.

दुसऱ्या दिवशी त्या नणंदेला म्हणाल्या, "सरक, पाव मी लावते."

भट्टीकडे तोंड करून त्यांनी पहिली खेप आत सरकवली.