दुपारची घट

गुडघ्यांनी आठवडाभर अंथरुणाला खिळवलं नसतं, तर मावशींना हे कधी कळलंच नसतं. खरं सांगायचं तर न कळतं तेच बरं होतं.

किनाऱ्यालगतच्या जंगलात झाडांच्याही वर डोकं काढून एक लोखंडी टॉवर उभा होता. जंगलावर ऊन किती पडतं, त्यातलं किती हवा तापवण्यात जातं आणि किती पानांतलं पाणी उडवण्यात, हे तिथली यंत्रं मोजायची. त्यांच्या काचांवर बसलेलं मीठ पुसायला मावशी अकरा वर्षं रोज दुपारी एकशे बारा पायऱ्या चढत आल्या होत्या.

टॉवरच्या शास्त्रज्ञ मॅडमनी याच आकड्यांवर नाव कमावलं होतं. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला, की जंगलाला मिळणारं ऊन एकदम घटतं, कारण वारा दमट धूसरपणा घेऊन येतो. आणि ही घट वर्षागणिक वाढतेय. हा निष्कर्ष उद्या छापायला जायचा होता.

मावशी कामावर परतल्या तेव्हा मॅडम कपाळाला हात लावून संगणकासमोर बसल्या होत्या.

"मावशी, तुम्ही नव्हता तेव्हा यंत्राचं डोकंच फिरलं बघा. वारा रोज आला, घट एकदाही नाही. तो आठवडा सरळ गाळून टाकते."

मावशींनी आलेख निरखला. घट दीडच्या सुमाराला सुरू व्हायची. ती त्यांची जेवायची वेळ. वारा नसला की उकाड्याला कंटाळून त्या खाली उतरून जेवायच्या. वारा सुटला की मात्र काचा पुसून वरच बसायच्या. ऊन डोक्यावर, म्हणून कठड्याला छत्री बांधायच्या. ऊन मोजणारी काच तिथून हातभर अंतरावर होती. म्हणजे छत्रीची सावली थेट तिच्यावर पडत होती.

गप्प बसणं सोपं होतं. कुणाला सुगावाही लागला नसता. इतकी वर्षं पाय झिजवून केलेल्या कामावर आपल्याच हाताने पाणी का फिरवावं? पण त्या थकल्या होत्या. लपवायचं म्हणजे रोज पायऱ्या चढताना हेही ओझं वागवायचं.

"मॅडम, यंत्र ठीक आहे. घट माझ्या छत्रीची आहे."

सगळं ऐकून मॅडमनी अकराही वर्षांचे आलेख पडद्यावर उघडले. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

"पण मग घट वाढत कशी गेली?"

"आधी दहा मिनिटांत डबा संपवून उतरायचे. मग गुडघे कुरकुरायला लागले. हल्ली सहज तास जातो."

मॅडमनी एकेक वर्ष पाहिलं. सातव्या वर्षावर त्यांचं बोट थांबलं. "इथे तर एकदम दुप्पट झालीय. समुद्र तापला म्हणून मी पानभर लिहिलंय यावर. तेव्हा गुडघे इतके दुखायचे?"

"नाही हो," मावशी म्हणाल्या. "त्या वर्षी आमचे हे गेले. लवकर उतरून घर गाठायचं कुणासाठी?"

मॅडमनी संगणक बंद केला. उद्या छापायला आता काहीच जाणार नव्हतं. त्यांनी उठून आपली खुर्ची मावशींपुढे सरकवली, आणि मावशी बसल्या.